चुकलेली विहीर

आमच्या सरांना रस्त्यात नवा दगड दिसला की ते तो उचलत, कमरेच्या हातोडीनं त्याचा टवका उडवत आणि ताज्या बाजूनं चाटून बघत. ओल्या दगडाचा रंग खरा दिसतो आणि त्यात मातीचा अंश असला तर तो जिभेला चिकटतो, असं त्यांचं साधं म्हणणं होतं. पण उज्जैनला ते पटणं अवघड. आमच्या गावात दगडाला पाणी घालतात, बेल वाहतात, शेंदूर लावतात. कोट-धोतरातला कॉलेजचा प्रोफेसर फ्रीगंजच्या भर चौकात दगड चाटतो, हे कुठल्याच रिवाजात बसत नव्हतं. एकदा घाटाकडे निघालेले एक पंडे त्यांच्यापाशी थांबले आणि काळजीनं म्हणाले, "मास्साब, घर में खाना नहीं बना क्या?"

"बना है," सर म्हणाले. "ये उसके बाद का है."

ते आम्हाला भूगर्भशास्त्र शिकवत. संस्थानं विलीन झाली होती, आणि आज आहे तसा मध्य प्रदेश व्हायचा होता. मधली थोडी वर्षं आमचं राज्य मध्यभारत नावाचं होतं. आता ते नाव घेतलं तर नातवंडं विचारतात, म्हणजे कुठे? त्या वर्षांत कॉलेजात हा विषय नवा निघाला होता. वर्गात मुलं बोटावर मोजण्याइतकी आणि मुलगी मी एकटी. विषयाची आवड वगैरे काही नव्हती. जीवशास्त्रात बेडूक कापावा लागतो असं कळलं, म्हणून मी दगडांकडे वळले.

पहिल्याच तासाला सरांनी विचारलं, "विहीर खणत गेलो, थांबलोच नाही, तर काय काय लागेल?"

कुणी पाताळ म्हणालं, कुणी अमेरिका. मागच्या बाकावरून कुणीतरी "सासुरवाडी" म्हणालं. सरांनी तिन्ही उत्तरं फळ्यावर लिहिली आणि शांतपणे खोडली. मग एक मोठं वर्तुळ काढलं आणि खडू अगदी कडेवर ठेवला. "आपल्या सगळ्या विहिरी, तळी, डोंगर, समुद्र, सगळं या रेघेच्या जाडीत. हे कवच. त्याच्या खाली तापलेला दगड, जाडच्या जाड. त्याला प्रावरण म्हणतात. त्याच्याखाली लोखंडाचा रस, आणि अगदी मध्ये पुन्हा घट्ट लोखंड."

"सर, पण तिथं गेलं कोण बघायला?" एकानं विचारलं.

सरांना हाच प्रश्न हवा होता. त्यांनी टेबलावर ठोका दिला, भिंतीवर दिला, आणि मग विचारणाऱ्याच्या पाठीवर दिला. "तिन्ही आवाज वेगळे आले नं? भूकंप झाला की पृथ्वीला असाच ठोका बसतो. त्याच्या लाटा कुठून जातात, कुठे अडतात, कुठे वळतात ते आपण बाहेर बसून ऐकायचं. आत जाता येत नाही म्हणून आतलं कळत नाही असं नाही. ऐकायची सवय पाहिजे."

ती सवय त्यांना इतकी होती की ते कशावरही ठोका देत. दारावर, खांबावर, कुणाच्या पेटीवर. उन्हाळ्यात स्टेशनजवळच्या टरबूजवाल्याकडे जाऊन एकेक टरबूज वाजवत, कान लावून ऐकत आणि न घेताच पुढे जात. शेवटी तो वैतागून म्हणाला, "मास्साब, ये तरबूज हैं, पहाड़ नहीं." सरांनी वाजवलेल्यांतलं एक काढून दाखवलं. "ये कच्चा है. इसे मत बेचना." त्यानं तिथल्या तिथं ते कापलं. आत लालबुंद निघालं. सर ते सगळं टरबूज विकत घेऊन घरी आले आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला, "आज माझं चुकलं," असं सांगत आले. चूक झाली की ती मोठ्यानं सांगायची, हीही त्यांची एक सवय होती. टरबुजाच्या बाबतीत ती सोपी होती.

सरांच्या बायकोला आम्ही काकू म्हणत असू. बुटक्या, ठसठशीत, नऊवारी नेसणाऱ्या. सर पुण्याकडून नोकरीसाठी इथं आलेले, पण काकू इथल्याच. त्यांच्या माहेरची माणसं कित्येक पिढ्या संस्थानच्या नोकरीत होती. त्यामुळे सरांचं मराठी शुद्ध आणि काकूंचं आमच्यासारखं, अर्ध्यात हिंदी घुसणारं. एका सकाळी सर घरातल्या सगळ्या गोधड्या टांग्यात घालून कॉलेजात घेऊन आले. टेबलावर एकावर एक पसरल्या. दोन मुलांना दोन बाजूंना उभं केलं आणि म्हणाले, "ढकला."

गोधड्या मध्ये फुगून वर आल्या, शेजारी खाली दबल्या. "ही वर आलेली घडी, ही खाली गेलेली. आता समजा वरचा फुगवटा पावसानं, वाऱ्यानं झिजून गेला. वर चालणाऱ्या माणसाला काय दिसेल? नुसत्या पट्ट्या. एक निळी, एक लाल, परत निळी. त्यावरून खाली घडी आहे हे ओळखायचं. आणि त्यासाठी प्रत्येक थराला एकच गोष्ट विचारायची. कल कुठे?"

कल म्हणजे थर कोणत्या दिशेला किती झुकलाय ते. सर हा प्रश्न माणसांबद्दलही विचारत. कॉलेजात नवीन कुणी आलं की म्हणत, "माणूस बरा दिसतो. कल कुठे आहे?"

तास रंगात आला असताना काकू दारात उभ्या राहिल्या. टांग्यानं मागोमाग आल्या होत्या. "अहो, गच्चीवर धूप दाखवायला मी गोधड्या काढल्या आणि तुम्ही इथं काय करून राहिलात? त्यात ती बाळंतिणीसाठी शिवलेली आहे. तिला खडू लागला नं!" सर गोधडी झटकत म्हणाले, "फक्त वरच्या थराला लागलाय." आम्ही हसू दाबत होतो. काकूंनी ते पाहिलं आणि त्याच आधी हसल्या. मग निघून न जाता मागच्या बाकावर बसल्या आणि तास संपेपर्यंत ऐकत राहिल्या.

आमच्या मालव्यात थर वाकलेले नाहीत. काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण, मध्ये कुठे विटेसारख्या लाल मातीचा पट्टा, परत काळा पाषाण. सगळं आडवं, रचून ठेवल्यासारखं. वाकलेलं, तिरपं झालेलं बघायचं तर नर्मदेकाठी जायला हवं. सरांनी बडवाहची सहल काढली आणि मला घरी विचारायलासुद्धा धीर झाला नाही. माझे वडील कचेरीत पेशकार होते. घरात त्यांच्यापुढे कुणी आवाज काढत नसे.

एका संध्याकाळी सर काकूंना घेऊन आमच्याकडे आले. पाणी झालं, चहा झाला. सरांनी बसल्याबसल्या आमच्या फरशीवर ठोका देऊन घेतला आणि सहलीचं काढलं.

वडील म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मुलीच्या जातीला नर्मदेपर्यंत पाठवायचं, ते दगड बघायला? इथं दगड कमी आहेत का?"

"पुष्कळ आहेत. पण आडवे आहेत."

"मग?"

"तिथले तिरपे आहेत. काही उभे आहेत. सगळं आडवंच बघत मोठी झाली तर पृथ्वी पहिल्यापासून अशीच शांत पडून आहे असं वाटेल तिला."

वडील आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आईकडे बघायला लागले, जे ते कधी करत नसत. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "भाऊसाहेब, मी जाते नं बरोबर. मुलगी माझ्या पदराला राहील. खरं सांगू का, लग्न झाल्यापासून यांनी मला कुठ्ठे नेलं नाही. हिच्या बहाण्यानं माझी नर्मदा होईल."

आई दारातून म्हणाली, "जाऊ द्या की." आणि मी गेले.

छोट्या लाइनीची गाडी घाट उतरून खाली गेली. आम्ही नदीच्या एका ओहळातून चालत गेलो आणि वळणावर सर थांबले. समोरच्या कड्यात थर कमानीसारखे वाकले होते. एवढा दगड, आणि तोही वाकलेला. गोधड्यांचा खेळ वर्गात पाहिला होता, पण तिथं ढकलणारी दोन मुलं समोर दिसत होती. कुणी ढकललं असेल, किती काळ, आणि किती सावकाश, की हा मोडला नाही, वळला? सरांनी टोपी काढून हातात धरली होती.

काकू डोळ्यांवर हात धरून बघत होत्या. म्हणाल्या, "हे तर ओलं लुगडं पिळून ठेवल्यासारखं दिसतंय."

सरांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यानंतर घड्या शिकवताना गोधड्यांबरोबर हे लुगडंही येऊ लागलं, आणि दर वेळी सर सांगत, "हे उदाहरण आमच्या घरातून आलेलं आहे." चूक असो की उदाहरण, ज्याचं त्याच्या नावावर.

राज्यांची फेररचना होणार अशी बातमी आली तेव्हा आमच्या मराठी मंडळींत फार अस्वस्थता होती. मध्यभारत जाणार, राजधानी दूर जाणार, कचेऱ्या हलणार. कुणी म्हणे मुंबई राज्यात निघून जावं, कुणी म्हणे इथंच हाडं झिजवली, आता कुठे जायचं. त्या वर्षी गणपतीत मराठी मंडळानं देवळाच्या आवारात सरांचं भाषण ठेवलं. विषय होता, मालव्यातले मराठी. सर उभे राहिले आणि काळ्या पाषाणावर बोलायला लागले. जमिनीला भेगा पडून रस कसा वर आला, कसा पसरत गेला, थिजला, मधल्या काळात वर माती झाली, मग परत रस आला आणि ती माती भाजून लाल झाली. हे असं किती वेळा झालं. पुढच्या रांगेतले एक वकील शेवटी न राहवून म्हणाले, "अहो सर, विषय काय, तुम्ही काय बोलून राहिलात?"

सर गोंधळले. त्यांना खरोखरच वाटत होतं की ते विषयावरच बोलताहेत. "तेच सांगतोय मी," ते म्हणाले. "सह्याद्रीचा कडा आणि या देवळाची पायरी, दगड एकाच जातीचा आहे. नर्मदेच्या दोन्ही बाजूंना आहे. मला लोक विचारतात, तुम्ही परत जाणार का. परत म्हणजे कुठे, ते मला कळत नाही." आणि बसले. टाळ्या पडल्या नाहीत, पण त्या वकिलांना मी नंतर बराच वेळ त्या पायरीवर बसलेलं पाहिलं.

सरांची खरी ओळख मला झाली ती मात्र याच्या आधी, मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना, विहिरीच्या प्रकरणात.

शहराबाहेर, नानाखेड्याच्या वाटेवर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची एक छोटी वसाहत होती. पाणी नव्हतं. बायका लांबून डोक्यावर आणत. विहीर मंजूर झाली. जागा दाखवायला सरांना बोलावलं. जवळच्या एका बगीच्यातल्या विहिरीत त्यांनी थर पाहिले होते. लाल मातीचा पट्टा, आणि त्याच्या लगेच खाली भोकाभोकांचा, जाळीदार पाषाण, त्यात भरपूर पाणी. आमच्याकडे थर आडवे, तेव्हा इथंही तेवढ्याच खोलीवर तेच लागेल. सरांनी हातोडीनं जमिनीवर खूण केली.

वसाहतीच्या माणसांनी स्वतः खणायला घेतलं. आम्ही मुलंही सुट्टीच्या दिवशी जाऊन घमेली उचलली. लाल पट्टा लागला, पण फारच लवकर. खाली जाळीदार दगडही आला, पण कोरडा ठणठणीत. सर म्हणाले, "हा वरचा वेगळा पट्टा असेल. आपला अजून खाली आहे. खणा." मग काळा पाषाण लागला, लोखंडासारखा. सुरुंग लावावे लागले. एका तरुण सिंधी मुलाच्या हातावर दगडाची कपची उडाली आणि त्याची दोन बोटं कायमची वाकडी झाली. तरी माणसं खणत राहिली, कारण सरांनी सांगितलं होतं. उन्हाळा आला आणि गेला. बगीच्यातल्या विहिरीच्या तळाइतकं खाली गेले, त्याहून खाली गेले. लाल पट्टा आला नाही आणि पाणीही आलं नाही.

कामावरच्या सरकारी ओव्हरसियरनं वर कळवलं की प्रोफेसरनं दिशाभूल केली. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना बोलावून सांगितलं, यापुढे कॉलेजबाहेर जागा-बिगा दाखवायच्या नाहीत. गावात हसं झालं. "दगड चाटण्यानं पाणी लागतं काय," म्हणून पानवाल्यापासून सगळे बोलत होते. आणि सर, जे टरबुजाची चूक गल्लीभर सांगत फिरले होते, ते गप्प झाले. तासाला येत, पुस्तकातलं वाचून दाखवत. हातोडी दिसेनाशी झाली.

एका रविवारी काकूंनी मला बोलावून घेतलं. सर आरामखुर्चीत पडून होते. काकू पायात चपला घालून तयार होत्या. म्हणाल्या, "चल गं, यांना घेऊन जायचंय."

"कुठं?" सरांनी विचारलं.

"विहिरीवर. तुम्ही लोकांना तोंड दाखवलेलं नाही. ते बरं दिसत नाही."

"काय सांगू त्यांना?"

"काय झालं ते सांगा. नेहमी सांगता तसं."

सर उठले. टांग्यानं वसाहतीत पोचलो तेव्हा माणसं बाजा टाकून बसली होती. सर उभे राहिले आणि त्यांच्या त्या पुस्तकी हिंदीत म्हणाले, "कुएँ की जगह मैंने बताई थी. गलती मेरी है. आप लोगों की मेहनत गई. उस लड़के का हाथ गया. मुझे समझ में नहीं आया कि कहाँ चूक हुई. मुझे माफ कीजिए."

हात दुखावलेला मुलगा तिथंच होता; तो जमिनीकडे बघत राहिला. मग एक म्हातारी उठली. तिला सगळे अम्मा म्हणत. तिनं आतून पापड आणला आणि पाण्याचा गिलास आणला. त्यांच्याकडे आलेल्या माणसाला हे द्यायचंच असतं. ते पाणी कुठून, कसं आणलेलं आहे हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. सरांच्या हातून गिलास ओठापर्यंत जाईना.

"पियो, मास्टरजी," अम्मा म्हणाली. "गलती करने वाले को भी प्यास तो लगती है."

सर प्यायले. मग काकूंकडे वळून हळूच म्हणाले, "हातोडी आणली आहेस का?" काकूंनी पिशवीतून काढून दिली.

दोर बांधून सर विहिरीत उतरले. खणताना भिंती चिखलानं माखलेल्या असत, आता वाळून स्वच्छ झाल्या होत्या. बराच वेळ खालून नुसते ठोक्यांचे आवाज येत होते. मग आवाज थांबले. वर आले तेव्हा त्यांचा कोट फाटला होता आणि चेहरा पूर्वीसारखा झाला होता.

"तो वेगळा पट्टा नव्हता," ते मला म्हणाले. "तोच आहे. बगीच्यातलाच. पण इथं वर उचललेला आहे. पूर्वेच्या कोपऱ्यात बघ, लाल पट्टा येता येता तुटतो आणि पुढे नुसता काळा दगड. जमीन तिथं चिरली आहे. हा भाग वर राहिला, पलीकडचा खाली खचला. वर राहिलेल्यातलं पाणी निथळून गेलं. पाणी पलीकडे आहे."

अम्मानं विचारलं, मास्टरजी काय म्हणतात? सरांनी तिला हातांचे दोन तळवे एकमेकांना लावून, एक खाली सरकवून दाखवलं. "जमीन यहाँ टूटी है, अम्मा. आधी वहीं रही, आधी खिसक गई."

ती त्या हातांकडे बघत राहिली. "जमीन भी?" तिनं विचारलं.

"जमीन भी," सर म्हणाले.

ओव्हरसियर दुसऱ्या विहिरीला तयार होईना. कॉलेजची मनाई होतीच. सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना जाऊन सांगितलं की मी जागा दाखवणार आहे, काय करायचं ते करा. पण खरा प्रश्न त्या माणसांचा होता. एकदा फसलेल्यांना परत खणा म्हणून कोण सांगणार? सरांनी सांगितलं नाही. त्यांनी पूर्वेला थोड्या अंतरावर खूण केली आणि दर रविवारी जाऊन ते स्वतः खणायला लागले. कोट काढून, धोतर खोचून. आम्ही मुलं गेलो. काकू डबा घेऊन येत. पहिले काही रविवार वसाहतीतली माणसं लांबून बघत होती. मग एका रविवारी तो वाकड्या बोटांचा मुलगा आला, त्यानं सरांच्या हातून कुदळ घेतली आणि म्हणाला, "आप हटिए. आपसे नहीं होगा." त्याच्यामागून सगळे आले.

पाणी लागलं ते एका सकाळी, आमचा तास चालू असताना. तोच मुलगा सायकल मारत कॉलेजात आला आणि दारातून ओरडला, "मास्टरजी, पानी!"

सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. न वळता त्यांनी विचारलं, "लाल मिट्टी के नीचे?"

"नीचे. जाली वाले पत्थर में से. रुकता ही नहीं."

सरांनी खडू ठेवला. खुर्चीवर बसले. आम्हाला वाटलं आता काही समजावून सांगतील. पण ते हातांकडे बघत म्हणाले, "मुलांनो, आज मला पुढे शिकवता येणार नाही."

नव्या विहिरीवर एका पुढाऱ्यांच्या हस्ते समारंभ झाला, त्यांच्या नावाची पाटी लागली. सरांची तक्रार नव्हती. त्यांनी ओव्हरसियरला एवढीच विनंती केली की जुनी कोरडी विहीर बुजवू नका. "पाणी असलेल्या विहिरी गावात पुष्कळ आहेत," ते म्हणाले. "मुलांना दाखवायला ही एकच आहे." तिला कठडा घातला, लोखंडी शिडी लावली. दर वर्षी नव्या मुलांना सर तिथं नेत. सांगत, "ही जागा मी दाखवली. पाणी लागलं नाही. का लागलं नाही ते खाली जाऊन बघा."

नवं राज्य झालं. आमच्या कॉलेजातला तो विषय बंद झाला आणि सरांची दूरच्या गावी बदली झाली. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. जाण्याच्या आदल्या दिवशी सर विहिरीवर जाणार असं कळलं म्हणून मीही गेले. जुने-नवे काही विद्यार्थी होते, काकू होत्या. मुलं खाली उतरून बघून आली. सर निघायला वळले, तर काकू म्हणाल्या, "थांबा. मला उतरायचंय."

"तुला? अगं, शिडी उभी आहे."

"इतकी वर्षं सगळ्यांना दाखवून राहिलात, तुम्ही कुठे चुकलात ते. मलाच दाखवलं नाहीत."

त्यांनी कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि उतरायला लागल्या. मी त्यांच्यामागून उतरले. सर कठड्याला दोन्ही हातांनी धरून वाकून बघत होते. "सावकाश. पूर्वेचा कोपरा. पायरी निसरडी आहे." काकूंनी ऐकलं नाहीसं दाखवलं. तळाशी न जाता त्या मध्येच थांबल्या, भिंतीवरून हात फिरवत फिरवत लाल पट्ट्याच्या बाजूनं कोपऱ्यापर्यंत नेला. तो हात एका जागी अडला. त्यांनी तिथं ठोका दिला, कान लावला, परत दिला. मग मान वर करून ओरडल्या, "अहो, सापडलं! इथंच तुटलंय!"

वर आभाळाच्या चौकोनात सरांचं डोकं दिसत होतं. मग त्यांनी कठड्याभोवती उभ्या असलेल्या मुलांना मोठ्यानं सांगितलेलं आम्हाला खाली ऐकू आलं, "बघा, मला जे कळायला एक विहीर वाया घालवावी लागली, ते हिनं नुसत्या हातानं सांगितलं. हेही लिहून घ्या."